चाळीस मिनिटांचं गाणं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून शेवटचा थेंब सुटायच्या वेळेलाच तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात फोन थरथरला, आणि थेंबाच्या जागी धार पडली. फ्लास्कमधलं पाणी जेमतेम गुलाबी व्हायला हवं होतं, ते एकदम गडद झालं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "गेलं तुझं रीडिंग," आणि हिनं फ्लास्क सिंकमध्ये ओतला. फोन तिनं लगेच पाहिला नाही. हात धुतले, पुसले, मग खिडकीपाशी जाऊन पाहिला. तिला फोन करणारी माणसं दोनच, रविवारी आई आणि एरवी घरमालक, पाण्याची मोटर बंद कर म्हणून सांगणारा. हा निरोप डॉक्टरकाकांचा होता. "उद्यापासून रोज पहाटे साडेपाच. टाक्यांचं फाटक. तुझी खुर्ची मी आणतो. यंदा घरटं शोधायचंच." एखादीनं वाचून सुखावून जावं असा निरोप. तिनं मात्र फोन पालथा करून खिशात टाकला. परत टेबलाशी येऊन तिनं ब्युरेट भरली, आणि या खेपेलाही तिचा अंदाज चुकला.

डॉक्टरकाका दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती. समोरच्याला तोंड उघडं ठेवायला लावायचं आणि आपण एकट्यानं बोलत राहायचं, ही पस्तीस वर्षांची सवय काही सुटली नव्हती. रविवारी पहाटे पक्षी बघायला जमणाऱ्या पंधरावीस माणसांचे ते म्होरके. तीन महिन्यांनी एकदा निघणारं चार पानांचं पत्रकही तेच काढत. डोळे अजून घारीचे होते, पण दात कोरायच्या यंत्राच्या किरकिरीनं कानांतले बारीक आवाज कायमचे गेले होते. मोठे पक्षी त्यांना ऐकू येत, कावळ्याचं भांडण ऐकू येई, बायकोचं तर नको तेवढं ऐकू येई. वसंतात दूरच्या मुलखातून दूरच्याच मुलखात जाताना वाटेत चार दिवस टेकणारे अंगठ्याएवढे गाणारे पक्षी मात्र त्यांच्यापुरते मुके झाले होते. म्हणून गेल्या वर्षापासून त्यांनी तिला जवळ ठेवून घेतलं होतं. "मी बघतो, ही ऐकते. तानसेन नाही, कानसेन आहे ही," असं ते सगळ्यांना सांगत, आणि पुढे तिला कानसेनच म्हणू लागले. नाव तिला आवडलं होतं. या शहरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि कुणी मायेनं ठेवलेलं तिचं हे पहिलंच नाव होतं.

टाक्या म्हणजे शहराबाहेरचं जुनं जलशुद्धीकरण केंद्र. निम्म्या टाक्या कोरड्या, त्यांच्यामागे पुरुषभर उंचीची काटेरी झुडपं, आणि त्यातून वर आलेली एक वाळकी फांदी. पहाटे साडेपाचला ती फाटकाशी पोचली तेव्हा डॉक्टरकाका आधीच पहारेकऱ्याच्या वहीत सही करत होते. दोन घडीच्या खुर्च्या, थर्मास, गळ्यात दुर्बीण, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. झुडपांकडे बघायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं तिच्या मनात आलं. त्यांनी खुर्च्या मांडल्या, तिच्या खुर्चीवरचं दव आपल्या रुमालानं पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मी वर्षभर विचार केला. वाटसरू पक्षी कधी दारात उभा राहून भांडत नाही. चाळीस मिनिटं एकाच फांदीवरून छाती फुगवून गातो, तो घरमालकच. गेल्या वर्षी तुझ्या त्या वटवट्यानं इथं घर मांडलेलं असणार. आपल्या भागात त्याचं घरटं आजवर कुणाला सापडलेलं नाही. मला सापडलं नाही तरी चालेल, तुला सापडू दे." मग त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "ऐक आता. काही आलं की माझ्या हाताला बोट लाव." ती ऐकू लागली. झुडपात पानांवरून पाणी ठिबकत होतं. लांब कुठंतरी ट्रक गिअर बदलत होता. तिला स्वतःच्या छातीतलं धडधडणं ऐकू येत होतं, पण त्यासाठी बोट लावायचं काही कारण नव्हतं.

गेल्या वर्षी या दिवसांत तिला गटात येऊन तीन महिने झाले होते आणि तिचं नाव कुणालाही ठाऊक नव्हतं. ती शेवटी चालायची. पुढचे लोक थांबले की थांबायची, त्यांनी बोट केलं की तिकडे बघायची. परतताना टपरीवर चहा व्हायचा तेव्हा एक पेला नेहमी कमी पडायचा आणि "अरे, अजून एक आहे ना," असं कुणीतरी म्हणायचं. ती अजून एक. मग एका गुरुवारी, कॉलेज बुडवून, ती एकटीच टाक्यांवर आली आणि झुडपाच्या पोटात तिला पिवळ्या भुवईचा एक वटवट्या अर्ध्या क्षणापुरता दिसला. एवढासा जीव, नाव वटवट्या, पण प्रवासात तोंडातून अक्षर काढत नाही. परक्याच्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात राहतो, खातो आणि पहाटे कुणाला न सांगता निघून जातो. रविवारी तिनं धीर करून सांगितलं. सगळे हसले असं नाही, चांगली माणसं होती ती. एकजण म्हणाला, "फोटो आहे का?" ती नाही म्हणाली. "मग राहू दे," तो म्हणाला, आणि सगळे पुढे चालू लागले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. फोटो नाही तर नोंद नाही, असा त्यांचा नियमच होता. गटाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दुसराही एक नियम होता, काळ्या ठळक अक्षरांत, डॉक्टरकाकांनी स्वतः लिहिलेला: पक्ष्याला त्याच्या जातीचा आवाज ऐकवून बोलावू नये. नराला वाटतं, दुसरा नर आला. तो त्याला हुसकायला बाहेर येतो, ओरडतो, फुगतो. रात्रभर उडून आलेल्या, हाडाला कातडं लागलेल्या पक्ष्याची ती ताकद पुढच्या रात्रीच्या वाटेसाठी असते, भांडणासाठी नसते. ती पुस्तिका तिला जवळजवळ पाठ होती. मंगळवारी दुपारी तिनं झुडपाखालच्या दगडावर फोन ठेवला आणि गाणं लावलं. अकरा सेकंदांचं गाणं होतं. चौथ्या खेपेला तो वाळक्या फांदीवर आला.

पुढचं सगळं तिनं खरंच सांगितलं होतं, आणि त्यातच गोम होती. फोटोत चोच उघडी, गळा फुगलेला, पंख थरथरते. डॉक्टरकाकांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला आणि विचारलं, "किती वेळ गात होता?" ती म्हणाली, "चाळीस मिनिटं." त्यांनी विचारलं, "एकाच फांदीवरून?" ती म्हणाली, "हो." एकही शब्द खोटा नव्हता. त्या रविवारी टपरीवर पेला कमी पडला नाही. कुणीतरी सरकून तिला बाकावर जागा दिली. दोन्ही बाजूंना माणसं होती, दोन्ही खांद्यांना त्यांची ऊब लागत होती, आणि चहा तिनं इतका हळू प्यायला की त्यावर साय धरली.

तिच्या लहानपणी घरच्यांची सारखी बदली व्हायची. वडील पूल बांधायच्या कामावर मुकादम. पूल झाला की बिऱ्हाड पुढं. पाच शाळा झाल्या. तिसऱ्या की चौथ्या गावी, ती आठ वर्षांची असताना, वसाहतीतल्या मुलींना तिनं सांगितलं की शनिवारी माझा वाढदिवस आहे, या. वाढदिवस नव्हता. तिघी आल्या, चांगले फ्रॉक घालून, एकीच्या हातात कागदात गुंडाळलेली पेन्सिलींची पेटी. आईनं कपडे धुता धुता ओल्या हातांनी दार उघडलं. एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि म्हणाली, "या गं, या, बसा." घरात होतं नव्हतं ते काढून आईनं त्यांना खाऊ घातलं, गाणी म्हणायला लावली, जाताना प्रत्येकीच्या हातावर दोन दोन बिस्किटं ठेवली. दार लागल्यावर ही मार खायच्या तयारीनं भिंतीशी उभी राहिली. आईनं मारलं नाही. पेन्सिलींची पेटी फळीवर ठेवत ती एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचंस. मी केला असता वाढदिवस." त्या मुली पुन्हा कधी घरी आल्या नाहीत. पेटी न उघडता पुढच्या गावी गेली, तिथून पुढच्या, आणि कुठंतरी हरवली. आता आईचा रविवारी फोन येई तेव्हा पहिला प्रश्न "जेवलीस का?" आणि दुसरा "कुणी मैत्रीण झाली का?" ती म्हणे, "एक डॉक्टरकाका आहेत." आई थोडं थांबून म्हणे, "बरं. माणूस चांगलं असलं म्हणजे झालं."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. झुडपात पक्ष्यांची ये-जा सुरू होती. माशीमार आले, दोन दिवस माश्या मारून गेले. एक कस्तुर पालापाचोळा उलथापालथा करून गेला. ते सगळं डॉक्टरकाका पाहत, वहीत टिपत, पण लग्नाच्या मांडवात नवरदेवाची वाट बघणाऱ्यासारखं त्यांचं लक्ष फाटकाकडे, म्हणजे त्या वाळक्या फांदीकडे. मधूनच मान वळवून ते तिच्याकडे बघत. भुवया वर. ती मान हलवून नाही म्हणे. त्यांची मान परत फांदीकडे वळे. नाही म्हणताना तिला दर वेळी वाटे, आपण खरं बोललो, आणि खरं बोलूनही आपण खोटंच बोललो. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला खवखवत तर होतंच, पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त लाजिरवाणी होती. ती सुखात होती. दोन वर्षांत पहिल्यांदा रोज कुणीतरी तिची वाट बघत होतं. थर्मासच्या झाकणातून ते तिला आधी चहा देत आणि मग आपण पीत. दवाखान्यातल्या गोष्टी सांगत, एका न्यायाधीशानं सुई बघून टेबलाखाली कसा आसरा घेतला, एका पैलवानानं दात काढताना त्यांचा हात कसा धरून ठेवला. ती हसे. साडेसातला ते उठत, गुडघ्यावर हात दाबून, आणि म्हणत, "उद्या." त्या एका शब्दावर तिचा पुढचा सगळा दिवस जाई, प्रयोगशाळा, लायब्ररी, खानावळीतलं भिंतीकडे तोंड केलेलं टेबल, खोलीतला दिवा. खरं सांगितलं असतं तर घरटं गेलं असतं, आणि घरट्याबरोबर उद्याही.

सोळाव्या दिवशी काकूंचा फोन आला. डॉक्टरकाकांच्या बायकोशी ती आजवर दोनदाच बोलली होती, दाराशी, चपला घालता घालता. काकू म्हणाल्या, "त्यांच्या गुडघ्यात पाणी झालंय. कळलं का तुला? नाही ना? सांगायचे नाहीत ते. डॉक्टरनं डॉक्टरचं ऐकायचं नसतं. चारला उठतात, शेकतात, पट्टा बांधतात आणि येतात." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी तक्रार करत नाही गं. दवाखाना बंद झाल्यावर हा माणूस रविवार सोडला तर सहा वर्षं बनियनवर बसून होता. आता पहाटे उठून शर्टाला इस्त्री करतात, स्वतःच्या हातानं. मला बरंच वाटतं. पण त्या गुडघ्याचं काय करू? तू मला एवढंच सांग, ते घरटं आहे का खरंच? तुझे कान फार चांगले आहेत म्हणतात." ती म्हणाली, "बघू काकू." काकू म्हणाल्या, "बघ बाई," आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती खानावळीत गेलीच नाही. कॉटवर पडून छताकडे बघत राहिली. बघू म्हणायला काय जातं, असं आपलंच आपल्याला म्हणाली, आणि तिला आपलीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी खुर्ची उघडायच्या आधीच तिनं सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. "काका, गेल्या वर्षी मी आवाज लावला होता." डॉक्टरकाकांचा हात खुर्चीच्या कडीवर थांबला. "कसला आवाज?" ते म्हणाले, जणू अनेक प्रकारचे आवाज असतात. ती म्हणाली, "त्याचाच. फोनवर." त्यांनी खुर्ची उघडून मांडली. मग सावकाश खुर्चीत बसले आणि विचारलं, "किती वेळा?" इथं तिची तयारी संपली होती. त्यांचा चेहरा पडला होता, इतका, की गालांची कातडी एकदम म्हातारी दिसू लागली होती, आणि तो चेहरा तसा बघवेना म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "चार वेळा." डॉक्टरकाकांनी मान हलवली. डोळे मिटले, उघडले. "चूक केलीस," ते म्हणाले. "माझ्याच पुस्तिकेत लिहिलंय आणि माझ्याच माणसानं." माझ्याच माणसानं, हे तिला ऐकू आलं आणि डोळे भरून आले. त्यांना वाटलं, पश्चात्ताप. "बरं बरं. लहान आहेस. मीसुद्धा तरुणपणी घरट्यात हात घातलेत, सांगू नकोस कुणाला." मग ते एकदम ताठ बसले. "थांब. चार वेळा? किती लांबीचं होतं गाणं?" ती म्हणाली, "अकरा सेकंद." "म्हणजे पाऊण मिनिटसुद्धा नाही. आणि तो गायला चाळीस." त्यांनी मांडीवर थाप मारली आणि गुडघ्याला लागली म्हणून तोंड वाकडं केलं, पण ते हसत होते. "अगं, मग बाकी सगळा वेळ तो आपल्या मर्जीनं गायला. वाटसरू असता तर दोन मिनिटांत कंटाळून आत गेला असता. तू तर माझं म्हणणं पक्कं केलंस." त्यांनी खुर्ची उचलली आणि झुडपाच्या आणखी चार हात जवळ नेऊन मांडली. मग तिचीही नेली. चहा त्यांनी नेहमीसारखा आधी तिलाच दिला.

सांगून झालं होतं, क्षमा मिळाली होती, आणि सगळं होतं तिथंच होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, तिनं तर भांडं दाखवलं होतं, फक्त केवढं आहे ते सांगितलं नव्हतं. पुढचे तीन दिवस ती त्यांच्या शेजारी बसली. ते पूर्वीपेक्षा जास्त मोकळे बोलत होते. तिनं कबूल केलं म्हणून त्यांना तिचं कौतुकच वाटत होतं. एकदा म्हणाले, "माणसाला खरं बोलता आलं पाहिजे, बाकी सगळं शिकवता येतं." तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. काचांवर वाफ धरली होती.

चौथ्या दिवशी त्यांना झुडपाच्या बुंध्याशी गवताचा एक गोळा दिसला. ती नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दुर्बीण काढून खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हात जमिनीला टेकले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला, इस्त्रीच्या शर्टात, रांगत काट्यांत शिरला. आधी डोकं आत गेलं, मग खांदे. मग फक्त बुटांचे तळवे दिसत राहिले, एक तळवा आतल्या बाजूनं झिजलेला. आतून त्यांचा आवाज आला, "आहे, आहे काहीतरी." ती उभी होती. तिचे हात नुसते लोंबत होते. मग ते उलटे, हळूहळू बाहेर आले, कानाच्या पाळीवर काटा ओरबाडून रक्त आलेलं, केसांत पानं. तळहातावर वाळलेलं गवत होतं, त्यात सुतळीचा तुकडा आणि प्लास्टिकची चिंधी, वाऱ्यानं नाहीतर पुराच्या पाण्यानं गोळा करून आणलेली. घरटं नव्हतं, कुणालाही दिसलं असतं. ते ओंजळ तिच्यापुढे धरून म्हणाले, "अस्तर कशाचं आहे बघ बरं, तुझे डोळे तरुण आहेत." ती म्हणाली, "चाळीस मिनिटं फोन चालू होता."

डॉक्टरकाकांनी ओंजळ खाली केली नाही. "काय म्हणालीस?" तिनं परत सांगितलं, आणि या वेळी सगळं सांगितलं. गाणं संपलं की आपोआप परत लागेल असं करून ठेवलं होतं. तो गप्प झाला की तो दुसरा, फोनमधला, सुरू व्हायचा, मग यालाही सुरू करावं लागायचं. त्यानं फांदी सोडली नाही कारण त्याला सोडताच आली नाही. डॉक्टरकाका ऐकत होते. ते म्हणाले, "फोटो कधी मिळाला तुला?" "पहिल्या चार मिनिटांत." "मग बंद का नाही केलंस?" हा प्रश्न वर्षभरात तिनं स्वतःला एकदाही विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र तयार होतं. ती म्हणाली, "तो गेला असता."

लांबच्या रस्त्यावर एक बस थांबली, माणसं उतरली असावीत, आणि ती पुढे गेली. "नुसती बसले होते मी," ती म्हणाली. "कॅमेरा खाली ठेवला होता. तो समोर होता. माझ्याकडे बघत नव्हता, पण होता." डॉक्टरकाकांनी विचारलं, "आणि मग?" मग तो फांदीवरून खाली गवतात आला, तिनं सांगितलं. उडाला नाही, खाली आला. चोच उघडी होती, पण आवाज येत नव्हता. डोळे मिटत होता आणि उघडत होता. "मग तू काय केलंस?" "मी फोन उचलला आणि खोलीवर गेले. मला फोटो मोठे करून बघायचे होते." "परत येऊन पाहिलंस?" "नाही." "दुसऱ्या दिवशी?" "नाही." त्यांनी मान हलवली, पेशंटनं दुखणारा दात दाखवल्यावर हलवत असतील तशी. मग स्वतःच्या ओंजळीकडे पाहिलं. सुतळी होती, चिंधी होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी त्याचं घरटं शोधत होतो."

रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी गवत जिथून आणलं होतं तिथं, झुडपाच्या बुंध्याशी वाकून परत ठेवलं. कशासाठी, कोण जाणे. थर्मासचं झाकण लावलं. आधी आपली खुर्ची मिटली, मग तिची, आणि दोन्ही काखेत घेऊन फाटकाकडे चालू लागले. एक पाय ओढत. तिनं "द्या, मी घेते," म्हटलं नाही. तेवढा अधिकार आता राहिला नव्हता, असं तिला वाटलं. फाटकाशी वाकून त्यांनी पहारेकऱ्याच्या वहीत जाण्याची वेळ लिहिली. आज त्यांनी "उद्या" म्हटलं नाही.

तरीही ती दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेली. पहारेकरी म्हणाला, "आज एकट्याच?" ती हो म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं नाही. बसायला काही नव्हतं, म्हणून ती कोरड्या टाकीच्या कठड्यावर बसे. कान आपलं काम करत राहिले, ऐकू येई ते सगळं येई, आणि बोट कुणाच्या हाताला लावायचं हा प्रश्न उजव्या हातातच राहून जाई. रविवारी ती गटाबरोबर गेली नाही. आपल्याबद्दल सगळ्यांना कळलं असेल असं धरून चालली होती. मग वसंत सरला. ऊन कडक झालं, झुडपातली हालचाल थांबली. येणारे येऊन गेले होते. कॉलेजात परीक्षा झाली, टायट्रेशनचं रीडिंग या खेपेला अचूक आलं, आणि परीक्षकांनी "छान" म्हटलं. आईला तिनं रविवारी सांगितलं की डॉक्टरकाकांशी हल्ली भेट होत नाही. आई म्हणाली, "तू काही केलंस का?" आईला कसं कळतं हे तिला कधीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "हो." आईनं पुढे विचारलं नाही, फक्त फोन लवकर ठेवला नाही.

महिन्याभरानं पत्रक आलं, दाराच्या फटीतून आत सरकवलेलं. चप्पल न काढता तिनं तिथंच उभ्यानं ते उघडलं. तिसऱ्या पानावर, खाली, चौकटीत होतं: "दुरुस्ती. गेल्या वर्षी प्रसिद्ध झालेली पिवळ्या भुवईच्या वटवट्याच्या गाण्याची नोंद मागे घेत आहोत. पक्ष्याला आवाज ऐकवून बोलावण्यात आले होते. हा आवाज चाळीस मिनिटे चालू होता. पक्ष्याचे पुढे काय झाले, ते पाहिले गेले नाही. या नोंदीवरून संपादकाने बांधलेले अंदाज चुकीचे होते. खेद आहे." खाली त्यांची सही. सगळं खरं होतं, आणि तिनं शोधूनही त्यात ती कुठंच नव्हती. बोलावण्यात आले, पाहिले गेले नाही. कुणी बोलावलं, कुणी पाहिलं नाही? त्यांनी तिला वाचवलं होतं की पुसून टाकलं होतं, हे त्या सहा ओळींवरून समजत नव्हतं. गेल्या वर्षी फोटोखालीही "आमची एक विद्यार्थिनी सभासद" एवढंच छापलं होतं, आणि तेव्हा तिला ते चाललं होतं. बाकावर जागा मिळाली होती, आणखी काय हवं होतं. आता मात्र ती ओळ वाचताना तिला टपरीवरचा कमी पडणारा पेला आठवला, आणि कुठल्याही शिव्यांपेक्षा हे जास्त झोंबलं. चूक होती, पण तिची होती. या शहरात निखळ तिचं असं दुसरं काही नव्हतं.

तिनं फोन लावला. काकूंनी उचलला. "थांब हं," म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, की होता ते कळलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. काठी नवी होती. "बोल," डॉक्टरकाका म्हणाले. तिनं बरंच काही ठरवलं होतं, गुडघा कसा आहे विचारायचं, माफी मागायची, ती आधी कधी नीट मागितलीच नव्हती. पण ती म्हणाली, "पत्रकात माझं नाव राहिलं." ते म्हणाले, "राहिलं नाही. मी घातलं नाही." "घाला," ती म्हणाली. "पुढच्या अंकात घाला. आवाज कुणी लावला ते लिहा." त्यांना ऐकू आलं नसेल असं तिला क्षणभर वाटलं, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, जवळून, आणि मग कागद ओढल्याचा आणि पेनचं टोपण निघाल्याचा आवाज.

"पूर्ण नाव सांग," ते म्हणाले. "मला माहीत नाही."

तिनं सांगितलं, सावकाश, वडिलांच्या नावासकट, आणि ते लिहून होईपर्यंत थांबली.